"आवाज चांगला आहे, रेडिओत जा!": कोकणातल्या रेडिओ निवेदकाचं खरं काम

खाडीकाठची

कॉलेजच्या गॅदरिंगला सूत्रसंचालन केलं किंवा गणपतीत वाडीच्या कार्यक्रमात माईक हातात घेतला, की एखादे काका हमखास जवळ येऊन सांगतात, "आवाज चांगला आहे गो तुझा, रेडिओत जा!" मी गेले. किनाऱ्यालगतच्या एका सरकारी केंद्रावर बरीच वर्षं नैमित्तिक निवेदक, म्हणजे नोकरीत नसलेली, ड्युटीपुरती बोलावली जाणारी निवेदक होते. आता ते काम सोडलंय, घरच्या कलमांचं बघते. मध्यंतरी इथे एका प्रतिसादात हे लिहिलं आणि तेव्हापासून विपू (विचारपूस, इथली निरोपांची वही) भरून वाहतेय. दापोली, राजापूर, कणकवली, कुठून कुठून विचारणा. मुलींच्या जास्त, आणि मुलींच्या आयांच्या त्याहून जास्त. प्रत्येकीला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते. खासगी वाहिन्यांत काम केलेले लोकही इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

सगळ्यांचा समज असा, की निवेदक म्हणजे बोलणारा माणूस. चार-साडेचार तासांच्या सकाळच्या सभेत, म्हणजे प्रसारणाच्या एका सत्रात, तुमचं स्वतःचं बोलणं गोळा केलं तर फार तर पंधरा-वीस मिनिटं भरेल. बाकीचा वेळ घड्याळाकडे बघण्यात जातो. क्यू शीट, म्हणजे काय कधी वाजणार त्याचा तक्ता, हातात घ्यायची, प्रत्येक ध्वनिमुद्रण आधी वाजवून बघायचं, कालावधी ताडून घ्यायचा, चिंतनाचा कार्यक्रम खरंच आजचाच आहे ना याची खात्री करायची, लॉगबुक भरायचं. दिल्लीच्या आणि पुण्याच्या बातम्या सहक्षेपित होतात, त्या ठरलेल्या सेकंदाला येतात आणि कुणासाठी थांबत नाहीत. भावगीत साडेचार मिनिटांचं आणि बातम्यांना उरलीत पावणेचार, असं रोज होतं. मग आधीच ठरवायचं की कुठल्या अंतऱ्यानंतर फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली आणायचा. गायकाला ओळीच्या मधे तोडलंत तर ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. उलट वेळ उरला तर वाद्यसंगीताचा तुकडा जोडायचा. नवीन माणूस तो वेळ बोलून भरायला जातो आणि नेमका तिथे फसतो, कारण काही सांगण्यासारखं नसताना चाळीस सेकंद बोलणं महाभयंकर अवघड आहे. हवं तर घरी घड्याळ लावून बघा.

निवेदनं स्वतः लिहावी लागतात हे बहुतेकांना माहीत नसतं. "आता ऐकू या" हे तीन शब्द एका सभेत किती वेळा खपतील? गीतकार, संगीतकार, गायक यांची नावं अचूक हवीत. एखाद्या नाट्यपदाच्या गायकाचं नाव चुकलं, तर सावंतवाडीहून नाहीतर लांज्याहून एखादे निवृत्त मास्तर त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकतात. आता व्हॉट्सॲप करतात. मास्तर तेच.

पहाटेची सभा असेल तर उजाडायच्या आधी स्टुडिओत. जुलैत, धो धो पावसात, वीज गेलेल्या रस्त्याने. आत गेलात की दुहेरी दारं, गालिचा, हाडं गोठवणारा एसी, कारण यंत्रांना दमट हवा चालत नाही. निवेदकाला सर्दी चालत नाही, पण ते कुणी विचारात घेत नाही. सणवार तुमचे नाहीत. गणपतीच्या पहिल्या दिवशी अख्खं कोकण आरतीत असताना कन्सोलवर कुणीतरी बसलेलंच असतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा नैमित्तिक असतं.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. नैमित्तिक निवेदकाला महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या मिळतात. ही कमाल मर्यादा आहे, हमी नाही. निवड होते ती रीतसर जाहिरात, लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, मग वाणी नावाचा प्रशिक्षणवर्ग, असं सगळं पार पडून. गावभर पेढे वाटले जातात. आणि मग कळतं की महिन्यातले सहाच दिवस. मानधन ड्युटीवर, रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. नियमित करा म्हणून देशभरातले नैमित्तिक निवेदक वर्षानुवर्षं कोर्टात भांडत आलेत. गुहागरहून किंवा देवगडहून एसटीने येणारीने भाडं आणि मुक्काम वजा करून काय उरतं ते स्वतःच मांडून बघावं. म्हणून माझ्या वेळच्या पॅनेलवर, म्हणजे निवडलेल्या नैमित्तिक निवेदकांच्या यादीत, कोण होतं? शाळेतल्या शिक्षिका, एलआयसीचे एजंट, एक वकील, दोन गृहिणी, एक किराणा दुकानदार. पूर्णवेळ निवेदक कुणीच नाही. हे काम जोडधंदा म्हणून सुंदर आहे. पोटापाण्याचा धंदा म्हणून कोकणात तरी नाही, आणि हे तुम्हाला काका सांगणार नाहीत.

---

आंबोळी_चटणी

आमच्याकडे सकाळी रेडियो लागल्याशिवाय चुलीर चाय चढना नाय. आवस आयकता. तिका निवेदकांची नावां म्हायत नाय, पण आवाज बदललो की लगेच इचारता, "आज ती नेहमीची बाय खय गेली?" आता ताईन सहा ड्युट्यांचा सांगितल्यान तेव्हा गणित सुटला. माका वाटला, ती बाय सारखीच रजेर असता.

---

नव्वद_सेकंद

खासगी वाहिन्यांची बाजू मी मांडतो. मूळचा चिपळूणचा, पण नोकरीसाठी घाट चढावाच लागला. आमच्याकडे प्रोग्रॅमची नोकरी हवी तर कोल्हापूर, पुणे, मुंबई किंवा खाली गोवा.

ताईंच्या उलट आम्हाला पगार असतो. बाकी समज तितकेच चुकीचे. "तू आरजे, मग माझ्यासाठी अमुक गाणं लाव ना." अरे, गाणं मी लावतच नाही! कुठल्या तासाला कुठलं गाणं ते म्युझिक मॅनेजर आणि शेड्युलिंगचं सॉफ्टवेअर ठरवतं. त्यात नवीन गाणी जास्त वेळा फिरतात, जुनी अधूनमधून. फर्माईशीचा फोन येतो, आपण तो रेकॉर्ड करतो, आणि यादीत जे गाणं पुढे येणारच आहे ते मागणारा फोन शोधून त्याच्या आधी जोडतो. माझ्या हातात असते ती लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं. दीड मिनिटाच्या वर गेलो की प्रोग्रॅमिंग हेडचा मेसेज. त्या दीड मिनिटात वाहिनीचं नाव, शोचं नाव, प्रायोजकाचं नाव आणि उरलं तर एखादा विचार.

बातम्या द्यायला खासगी एफएमला परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं सहक्षेपित करता येतं, इतकंच. वाहतूक, हवामान, परीक्षांच्या तारखा, पाणी-वीज, नैसर्गिक आपत्तीची माहिती हे बातम्यांत मोडत नाही म्हणून तेवढं चालतं. गावात काय पेटलंय ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि मी मात्र घाटातल्या ट्रॅफिकबद्दल बोलत असतो.

श्रोते किती हे मोजायची पद्धतही आमच्यापर्यंत पोचत नाही. रेडिओची रॅम रेटिंग दिल्ली, मुंबई, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांपुरती. मग लहान शहरात तुमचा शो चालतो की नाही हे कोण ठरवतं? सेल्स. साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला गर्दी जमली म्हणजे आरजे हिट. त्यामुळे निम्मं आयुष्य मांडवात उभं राहून लकी ड्रॉच्या चिठ्ठ्या काढण्यात. हल्ली त्यात रील्सची भर. आवाजावर निवड झालेल्या माणसाला चेहऱ्यावर काम करावं लागतं. एक मैत्रीण केवळ फॉलोअर कमी म्हणून मागे पडली, आणि तिच्याइतकं स्वच्छ मराठी बोलणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं.

कोविडनंतर कपात झाली ती झालीच. एकच शो चार शहरांत वाजतो, मधे शहराचं नाव तेवढं बदलून घेतात.

---

घाटावरचा

मुळात आता रेडिओ ऐकतं कोण? गाडीतसुद्धा लोक ब्लूटूथ लावतात. मुलींना चुकीच्या दिशेने कशाला पाठवता? घरी एक माईक घ्या, पॉडकास्ट काढा, कुणाच्या सहा ड्युट्यांची वाट बघायला नको.

---

तीननंबरबावटा

@घाटावरचा, कोण ऐकतं ते आम्हाला विचारा.

हर्णैकडचे आम्ही, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. किनाऱ्यापासून जरा लांब गेलं की मोबाईलची रेंज संपते. चाळीस वाव खोल पाण्यात जाळं टाकलेल्या तांडेलाला (बोटीच्या मुख्य खलाशाला) पॉडकास्ट कुठून ऐकवणार? आता व्हीएचएफ (बिनतारी) सेट आलेत, काही बोटींवर उपग्रहावरून इशारे घेणारी यंत्रं आलीत, ते बरं झालं. पण सेलवरचा रेडिओ केबिनमध्ये टांगलेला असतोच. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा कितीतरी बोटी बाहेर होत्या आणि सगळ्या परत आल्या नाहीत. त्यानंतर आमच्या घरात हवामानाच्या वेळी कुणी बोललेलं चालत नाही.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं. हर्णै, आंजर्ले, केळशी, पलीकडे श्रीवर्धन, दिवेआगर, सगळीकडे नारळी-पोफळी आडव्या, पत्रे उडालेले, विजेचे खांब मोडलेले. वीज कित्येक दिवस नव्हती, मोबाईल मुके. जगात काय चाललंय, मदत कुठे पोचलीय, हे ज्यांच्याकडे सेलचा रेडिओ होता त्यांनीच ऐकलं आणि बाकीच्यांना सांगितलं. त्या दिवसांत निवेदकाने एखादं गाव वगळलं तर त्या गावाला वाटायचं, आपण नकाशावरूनच गेलो.

माझी तक्रार वेगळी आहे. इशारा वाचणारे काहीजण गावांची नावं अशी उच्चारतात की हसावं की रडावं कळत नाही. आणि दुसरं, आज बोटींवर निम्मे खलाशी नेपाळकडचे नाहीतर आंध्रातले. मराठीतला इशारा त्यांना कोण समजावणार? तांडेलाने ऐकला तर बरं, तो झोपलेला असला तर?

---

खाडीकाठची

@तीननंबरबावटा, खलाशांचा मुद्दा रास्त आहे आणि त्याचं उत्तर निवेदकाच्या हातात नाही. एखादा इशारा हिंदीतही वाचला जावा असं मला नेहमी वाटायचं.

पण इशारा वाचणं या विषयावर मी तासभर लिहू शकते. माझ्या मते किनाऱ्यावरच्या निवेदकाची खरी परीक्षा तीच, बाकी सगळं गोड बोलणं. हवामान खात्याचा मजकूर येतो तो ठरलेल्या साच्यात: वाऱ्याचा वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत, समुद्र खवळलेला, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. यातला एकही शब्द बदलायचा नाही. नवीन मुलांना दोन मोह होतात. एक म्हणजे आवाजात भीती आणायची. टीव्हीवर ऐकून ऐकून तसं होतं. पण घाबरलेल्या आवाजातला आकडा लक्षात राहत नाही, घाबरणं तेवढं राहतं. दुसरा मोह म्हणजे रोजचंच आहे म्हणून भराभरा उरकायचं. पावसाळ्यात तो मजकूर रोज जवळजवळ सारखाच असतो, आणि ज्या दिवशी ४५ च्या जागी ६० येतं त्या दिवशी तो फरक ऐकणाऱ्याच्या कानात पडला पाहिजे. म्हणून आकड्याच्या आधी श्वास, आकडा सावकाश, आणि संपूर्ण इशारा दोनदा. गावांची नावं उत्तरेकडून दक्षिणेकडे, किनाऱ्याच्या क्रमाने. श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ, जयगड, मिरकरवाडा, साखरीनाटे, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. ऐकणारा मनातल्या मनात किनाऱ्यावरून सरकत असतो. तुम्ही देवगडावरून उडी मारून परत दाभोळला आलात की तो हरवतो.

आणि इशाऱ्यानंतर लगेच लाटांवर डोलणारं कोळीगीत लावायचं नाही. क्यू शीटवर असलं तरी ड्युटी ऑफिसरला फोन करून बदलून घ्यायचं. हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत.

---

आंबोळी_चटणी

बावट्यावरसून आठवला. बंदरार वादळाच्या इशाऱ्याचे एकंदर ११ बावटे. तीन नंबर सगळ्यांका म्हायत. अकरावो म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटलो. म्हंजे बावटो लावणाऱ्याकय म्हायत नाय पुढे काय ता!

---

सांधा_आणि_सोल्डर

नोकरीची सगळी वर्षं ट्रान्समिटरवर काढली, त्यामुळे निवेदक मंडळी मला भिंतीच्या पलीकडून ओळखीची. त्यांना जे कुणी सांगत नाही ते सांगतो: तुमचा आवाज कुठे पोचतो हे तुमच्या गळ्यावर नाही, जमिनीवर ठरतं.

रत्नागिरी आकाशवाणी मध्यम लहरींवर, ११४३ किलोहर्ट्झ. लहरीची लांबी साधारण २६२ मीटर. जुने श्रोते अजून मीटरमध्येच बोलतात. मध्यम लहर दिवसा पृष्ठभागाला धरून जाते. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक, म्हणून समुद्रावर ती लांब जाते. जांभ्याचा कोरडा सडा (कातळाचं पठार) त्या मानाने कंजूष. त्यामुळे बंदरातून बाहेर पडलेल्या ट्रॉलरवर जो आवाज खणखणीत, तोच सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाडीत खरखरतो. सूर्य मावळला की वातावरणातला लहरी शोषणारा खालचा थर विरतो, लहरी वरून परावर्तित व्हायला लागतात आणि त्याच फ्रिक्वेन्सीवरची लांबची केंद्रं येऊन मिसळतात. संध्याकाळी "तुमच्या केंद्रावर कोणीतरी हिंदीत बोलतंय" असे फोन यायचे ते यामुळे.

एफएमचं वेगळं. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या लहरी सरळ रेषेत जातात. मधे डोंगर आला की विषय संपला. आपल्याकडे तर दर दोन मैलांवर डोंगर. सड्यावर गुरं राखणाऱ्याला गोव्याची वाहिनी लागते आणि खाली खाडीकाठच्या घरात जिल्ह्याचीही लागत नाही, हे मी स्वतः रेडिओ घेऊन फिरून बघितलंय.

त्यात समुद्राची खार. इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, जोड गंजतात, पहिल्या पावसात ठिणग्या. मध्यम लहरींच्या केंद्रावर अख्खा मनोराच अँटेना असतो, त्यामुळे वीज कडाडली की ट्रान्समिटर बंद पडायचा. मग आम्ही पळायचो आणि निवेदकताई शांतपणे "तांत्रिक कारणामुळे खंड पडला, क्षमस्व" म्हणायच्या. त्यांचा शांत आवाज ऐकून आम्हाला चीड यायची, हेही सांगून टाकतो.

---

घाटावरचा

मासेमारीचं मान्य. पण मग तेवढ्यासाठी यंत्राचा आवाज का नको? आता एआय मराठीत वाचतं, तेही फुकट. हर्णै, आंजर्ले सगळं एकदा शिकवून ठेवा.

---

नव्वद_सेकंद

@घाटावरचा, जाहिरातींचे आवाज तर यंत्राकडे जाऊ लागलेतच. आरजेंची वरकमाई तीच असायची, त्यामुळे फटका खरा आहे. पण दिवसभर वादळ पुढे सरकत असताना क्षणाक्षणाला निर्णय घ्यायचे असतात. काय आधी सांगायचं, कुठला फोन हवेत घ्यायचा, कुठला थांबवायचा. एखादी बाई रडत रडत सांगते की तिचा मुलगा बोटीवर आहे. तिला लाइव्ह घ्यायचं की नाही? घेतलं तर ती नाव सांगेल, त्या नावाचं पुढे काय होईल कुणालाच ठाऊक नाही. मी नाही घेणार. दुसरा कदाचित घेईल. तो निर्णय माणसाने करावा आणि त्याची जबाबदारीही माणसानेच घ्यावी.

---

शंभर_वॅट

मधे पडतो. आम्ही काही मित्र सामुदायिक रेडिओच्या मागे होतो, त्यामुळे तो पर्यायही इथे नोंदवतो. आधी फक्त शिक्षणसंस्थांना परवाना मिळे, २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही मिळू लागला. ट्रान्समिटर १०० वॅटचा. सपाट मुलखात दहा-पंधरा किलोमीटर बरं ऐकू येतं. कोकणात एक खिंड ओलांडली की गेलं, वर सोल्डरकाकांनी सांगितलंच आहे. निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार केलेले हवेत अशी अट, आणि ती अट मला सगळ्यात आवडते. जाखडीचे, नमनाचे, दशावताराचे लोक, भाताच्या जुन्या वाणांची नावं सांगणाऱ्या म्हाताऱ्या, सगळं ध्वनिमुद्रित होतं.

अडचण ही की निवेदकाला पैसे कुठून द्यायचे? जाहिरातींना मर्यादा, सिनेसंगीत वाजवायचं तर हक्काचे पैसे, विजेचं बिल वेगळं. स्वयंसेवक मुलं येतात, दोन वर्षांत छान तयार होतात आणि मुंबईची गाडी पकडतात. त्यांचा दोष नाही. शिकायला मात्र याच्याइतकी चांगली जागा नाही, कारण इथे झाडू मारण्यापासून संपादनापर्यंत सगळं हाताने करावं लागतं.

---

जाईजुई

धागाकर्त्या ताई, मी मालवण तालुक्यातली, बीए झालंय. विपूत विचारणारी एक मीच. सगळं वाचून थोडी खचले, पण तरी चाचणी द्यायची आहे. घरी आम्ही मालवणीच बोलतो. माझ्या मराठीत तो हेल येतो असं सगळे म्हणतात. त्यामुळे बाद करतात का?

---

खाडीकाठची

@जाईजुई, हेलामुळे कुणी बाद होत नाही, उच्चारामुळे होतं. परीक्षक कान देऊन ऐकतात ते च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार. "चार" मधला च आणि "चाक" मधला च. "जरा थांब" मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या "जरा" मधला ज. मग ण आणि न, ळ आणि ल, जोडाक्षरं. मालवणी घरातल्या मुलींचा ळ उत्तम असतो, हा माझा अनुभव. शहरात वाढलेल्यांची तिथेच दांडी उडते.

आणि मालवणी सोडू नका. संगमेश्वरी, बाणकोटी, आगरी, ज्याची जी असेल ती. श्रुतिका, शेतकऱ्यांशी गप्पा, महिलांचे कार्यक्रम, या सगळ्यात बोली येणाऱ्या आवाजाला मागणी असते. वाडीतल्या आजीची मुलाखत प्रमाण मराठीत घ्यायला गेलात तर ती दोन शब्दांत उत्तरं देते. तिच्या बोलीत विचारलंत तर तिला थांबवायची पंचाईत होते.

---

नव्वद_सेकंद

बोलीबद्दल एक कडू अनुभव. खासगी वाहिन्यांवर मालवणी लागते ती गणपतीच्या महिन्यात, जाहिरातीतल्या गाऱ्हाण्यासाठी. "बा देवा म्हाराजा" म्हणायचं आणि पुढे पंख्याच्या कंपनीचं नाव. लिहिणाऱ्याला मालवणी येत नसते, मग तो प्रत्येक शब्दाला "आसा" आणि "नाय" चिकटवतो. मी चिपळूणचा, माझी बोली वेगळी, तरी "तू कोकणातला ना" म्हणून मलाच पुढे करतात.

---

आंबोळी_चटणी

त्या जाहिराती आयकून आवस रेडियो बंद करता. तिचा म्हणणा, देवाक गाऱ्हाणा घालूचा तर मनापासून घाला, नायतर गप ऱ्हवा.

---

लाल_दिवा

मी अजून पॅनेलवर आहे म्हणून नाव-गाव देत नाही. ताईंनी लिहिलं त्यात दोन गोष्टी वाढवते.

एक म्हणजे दुखवटा. राष्ट्रीय नेत्याच्या निधनाची अधिकृत बातमी आली की ठरलेलं सगळं बाजूला. हसरी गाणी, श्रुतिका, जाहिराती बंद. वाद्यसंगीत, भजनं, बातम्या. तुम्ही एकट्या ड्युटीवर असता, क्यू शीट रद्द झालेली असते आणि पुढच्या तासाभरात काय वाजणार हे तुम्हाला उभ्या उभ्या जमवायचं असतं. आपल्याला वैयक्तिक काय वाटतंय त्याचा आवाजात मागमूस नको. घरचं दुःख असलं तरी तेच. वडील दवाखान्यात असताना मी "आपली आवड" सादर केलंय आणि त्या दिवशी सगळ्यांना आनंदी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यात. हे कौतुकाने सांगत नाहीये, बदली निवेदक मिळाली नाही म्हणून बसावं लागलं.

दुसरं म्हणजे फोनवरचे श्रोते. पहिलं वाक्य कायम एकच, "आधी घरातला रेडिओ बारीक करा," नाहीतर तोच आवाज फिरून येतो आणि किंचाळतो. त्यात काही पुरुष श्रोते निवेदिकेचा आवाज म्हणजे खासगी ओळख समजतात. तुमची ड्युटी कधी आहे ते लक्षात ठेवून फोन करतात, केंद्राच्या फाटकाशी येऊन उभे राहिलेलेही बघितलेत. जाईजुई, तुमचं आडनाव, गाव, एसटीची वेळ हवेत कधीच सांगू नका. कुणी कितीही आपुलकीने विचारलं तरी.

---

खाडीकाठची

@लाल_दिवा, हे लिहिलंत फार बरं झालं. मी धाग्यात टाळलं होतं, कारण आया वाचतायत.

गळ्याबद्दलही विपूत विचारलंय दोघींनी. घसा खाकरायची सवय मोडा, त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. पाणी ड्युटीच्या आधीपासून थोडं थोडं प्या. माईकसमोर घटाघटा प्यायल्याने ते स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. पहाटेचा आवाज जड असतो, तो घरीच गुणगुणून मोकळा करून निघा. आवाज बसला असेल तर कुजबुजणं बोलण्याइतकंच वाईट, गप्प बसा. दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, ज्येष्ठमध चघळत बसू नका. माईकपासून वीतभर अंतर, तोंड किंचित तिरकं, म्हणजे प, फ, भ यांची हवा थेट आदळत नाही. फार जवळ गेलात की आवाज घोगरा आणि भारदस्त लागतो. पुरुष निवेदकांना तो फार आवडतो. ऐकणाऱ्यांना तितका नाही.

---

घाटावरचा

बरं, एक मान्य करतो. माझी आजी पन्हाळ्याकडची, तीही कोल्हापूर केंद्र लावून ठेवते. पण पैशाचा मुद्दा राहतोच. कुणी तरी स्पष्ट सांगा, मुलीने करावं की नाही?

---

शंभर_वॅट

नोकरी धरून करावं. शिक्षण सोडून करू नये. जिल्ह्यात राहायचं असेल तर निवेदनाबरोबर संपादन शिकून घ्यावं, ध्वनिमुद्रण शिकून घ्यावं. माहितीपट, ऑडिओबुक, सरकारी जिंगल्स, लग्नाचं आणि सभेचं सूत्रसंचालन, सगळं मिळून काहीतरी बसतं. आमच्यातली एक मुलगी आता घरातल्या कपाटात गोधड्या लावून पुस्तकं वाचते, आणि तिला रेडिओपेक्षा जास्त मिळतं.

---

जाईजुई

सगळ्यांचे आभार. शिवण आणि शिकवण्या दोन्ही चालू आहेत, त्या सोडणार नाही. चाचणीला वाचायला काय देतात?

---

खाडीकाठची

साधारणपणे एखादा बातमीसारखा उतारा, एक ललित उतारा, गाण्यांची नावं किंवा कार्यक्रमाची घोषणा, आणि कधी कधी ऐनवेळी एखादा विषय देऊन दोन मिनिटं बोलायला लावतात. लेखी परीक्षेत सामान्यज्ञान, साहित्य, संगीत, आणि आपल्या जिल्ह्याची माहिती. रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचा, पण पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आलेला. पाठ झालेलं वाचून काही कळत नाही. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी ऐकलंत तर सगळं छानच वाटतं. उतारा कागदाच्या एकाच बाजूला घ्या, टाचणी नको, पान उलटल्याचा आवाज माईक घेतो. आणि आकडे. ताशी ५५ किलोमीटर, १,२५० हेक्टर, २२ जुलै, साडेसात टक्के. आकड्यावर अडखळलात की परीक्षक लगेच लिहून घेतात.

जाहिरात आली की इथे टाकेन. वयाची आणि रहिवासाची अट तेव्हा नीट वाचा, ती बदलत असते.

---

तीननंबरबावटा

@जाईजुई, बंदरांची नावं ध्वनिमुद्रित करून पाठवू का? आमच्या काकांच्या आवाजात आहेत, बाणकोटपासून रेडीपर्यंत. ते थोडे शिव्या देतात मधे, तेवढं कापून घ्या.